बाजाराच्या दिवशी तहसीलला

पहाटे साडेपाच

आज तालुक्याच्या गावी आठवडी बाजार, त्यामुळे पहिला फोन उजाडायच्या आधीच वाजतो. बाजाराच्या दिवशी रोज तसाही बुडतो, म्हणून तहसील, बँक, दवाखाना ही सगळी कामं बायका याच दिवसावर ठेवतात. मराठवाड्यातल्या या तालुक्यात मी विधवा, टाकलेल्या, म्हाताऱ्या आणि दिव्यांग बायकांच्या कागदपत्रांचं काम करते.

"ताई, तीन महिन्यांची पगार आली न्हाई. येऊ का तहसीलला?"

निराधार योजनेचे महिन्याचे १५०० रुपये, तीच ही पगार. आजींना सांगते, आधार आणा, रेशन कार्ड आणा, पासबुक बँकेतून छापून आणा. आधारला जोडलेला फोनही लागेल. तो फोन थोरल्या मुलाकडे आहे आणि मुलगा ऊसतोडीला सांगलीकडे गेलाय. म्हणजे ओटीपी जाणार उसाच्या फडात. "त्याला म्हणावं, अकरापासून फोन खिशात ठेव, आकडा आला की लगेच सांग." जानेवारीत या तालुक्यातली निम्मी कामं अशीच, दोन जिल्ह्यांत मिळून होतात.

साडेसात

एसटी स्टँडकडे जाताना रेशन दुकान लागतं. ओट्यावर एक आजोबा बसलेत. अंत्योदयचं कार्ड, महिन्याला ३५ किलो धान्य, २०२३ च्या जानेवारीपासून तेही मोफत. पण थंडीनं बोटं भेगाळलीत, मशीनवर ठसा उमटत नाही. दहाही बोटं लावून झाली. दुकानदार म्हणतो, "उन्हं वर येऊ द्या, हात धुऊन या, परत बघू." माणूस भला आहे.

अंगठा उमटला नाही म्हणून धान्य नाकारू नका, वहीत नोंद करून द्या, असं केंद्र सरकारनं २०१७ च्या ऑक्टोबरमध्येच राज्यांना कळवलं होतं. दुकानदाराला हे मी सांगते, त्यालाही ते ठाऊक आहे. त्याची अडचण निराळी आहे. मशीनवर न चढलेलं धान्य त्याच्या साठ्यात तूट म्हणून दिसतं आणि खुलासा त्यालाच द्यावा लागतो. सवलत वरून दिली आणि जोखीम खालच्या माणसावर टाकली, की ती सवलत कोणी वापरत नाही. आजोबा ओट्यावरच उन्हाची वाट बघत बसतात.

साडेनऊ

सेतू केंद्रासमोर रांग लागलीय. इथे उत्पन्नाचा दाखला निघतो, आणि निराधार योजनेचा सगळा पेच या एका कागदात आहे.

संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रानं १९८० साली सुरू केली. ज्याला कमावतं माणूस नाही, आधार नाही, त्याच्या हातात सरकारनं दर महिन्याला थोडी रक्कम ठेवावी, ही कल्पना त्या काळी फार पुढची होती. मला या योजनेचा अभिमान आहे. रक्कम सहाशेवरून हजार झाली, २०२३ मध्ये पंधराशे झाली, दिव्यांगांना २०२५ च्या ऑक्टोबरपासून अडीच हजार मिळू लागले. मात्र दिव्यांग सोडून बाकीच्यांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा २१ हजारच राहिली. महिन्याला नाही, वर्षाला. महिन्याचे १७५० रुपये.

रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या दरानं एखादी विधवा वर्षात ६८ दिवस रोजगार हमीवर राबली, की तिची कमाई २१,२१६ रुपये होते आणि ती निराधार उरत नाही. ज्या राज्यानं देशाला रोजगार हमी दिली, त्याच राज्यात दोन महिने आणि आठ दिवस काम मिळणं म्हणजे मदतीचा हक्क गमावणं.

ग्रामीण भागात प्राधान्य कुटुंबाच्या रेशनसाठी हीच मर्यादा ४४ हजार आहे. लाडकी बहीण योजनेसाठी अडीच लाख आहे. एकाच राज्यात, एकाच घरासाठी, गरिबीच्या तीन रेघा. आणि त्यातली सगळ्यात खालची रेघ ओढलीय ती ज्यांना कोणीच नाही त्यांच्यासाठी. लाडकी बहीण आणि निराधार, दोन्हींचा लाभ मात्र तोच, महिन्याचे १५०० रुपये.

रांगेतल्या मावशीला केंद्रावरचा मुलगा विचारतो, "उत्पन्न किती लिहू?" मावशी खरं सांगते, "खुरपणी, कापूस येचणी धरून महिन्याला तीनेक हजार पडत असतील." मी तिथेच थांबते. तिनं सांगितलं ते वर्षाला ३६ हजार होतं, आणि ते दाखल्यावर आलं तर तिचा अर्ज संपला. तलाठ्यालाही २१ हजार लिहिताना पेन अडतो, कारण एवढ्यात माणूस जगत नाही हे त्याला दिसतं. मग ज्याच्या ओळखी आहेत त्याला हवा तो आकडा मिळतो आणि खरं बोलणारी मावशी बाहेर राहते. ही मर्यादा निदान रेशनच्या ४४ हजारांवर आणावी, ही माझी पहिली मागणी आहे. त्यासाठी नवा सर्व्हे लागत नाही, फक्त एक शासन निर्णय लागतो.

अकरा

तहसीलची निराधार शाखा. एक अव्वल कारकून, एक ऑपरेटर, कपाटावर फायलींचे गठ्ठे आणि अख्खा तालुका. यांच्यावर आवाज चढवणारे रोज येतात. मी चढवत नाही. हजारो लोकांची कामं दोन माणसांच्या गळ्यात घातली, की तिसऱ्या तासाला कुणाच्याही बोलण्यातला ओलावा जातो.

सकाळच्या आजी आल्यात. २०२४ च्या डिसेंबरपासून या योजनेचे पैसे थेट हस्तांतरणानं, आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. आधी तहसीलमधून याद्या आणि धनादेश बँकेत जायचे, त्यात महिने लोटायचे. त्या मानानं नवी पद्धत चांगली आहे. पण पैसे पासबुकातल्या खात्यात न जाता, आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. आजींचं शेवटचं खातं कोणतं, हे आजींना ठाऊक नाही.

ऑपरेटर आधार क्रमांक टाकतो. ओटीपी सांगलीच्या फडात जातो, मुलगा फोनवर सहा आकडे ओरडून सांगतो. स्क्रीनवर एका वेगळ्याच बँकेचं नाव येतं. आजी चक्रावतात. विचारता विचारता उलगडतं. मागं एकदा बाजारात एका पोरानं नवं सिमकार्ड देताना अंगठा घेतला होता, तेव्हाच ते खातं उघडलं होतं. तीन महिन्यांचे साडेचार हजार रुपये तिथे पडून असणार. पगार बंद झालीच नव्हती. तीन महिने ही बाई उधारीवर मीठमिरची आणत होती, आणि सरकारच्या दफ्तरात तिचं नाव "लाभ दिला" या रकान्यात होतं.

पैसे कोणत्या बँकेत जमा झाले, एवढं एका ओळीत गावच्या चावडीवर दर महिन्याला लावता येईल. खाते क्रमांक नको, फक्त नाव, महिना आणि बँक. तेवढ्यावर अशा कितीतरी जणींचे हेलपाटे वाचतील.

दुपारी एक

आम्ही बायका लिंबाखाली भाकरी सोडतो. आज चौकशी केलेल्या अर्जांपैकी बरेच पूर्ण आहेत, तरी मंजूर नाहीत, कारण तालुका समितीची बैठक लागलेली नाही. समितीचा अध्यक्ष अशासकीय, म्हणजे राजकीय नेमणुकीतला. सरकार किंवा पालकमंत्री बदलला की समिती नव्यानं होते आणि तोवर अर्ज पडून राहतात. अटी कागदावर लिहिलेल्या आहेत, त्या पुऱ्या होतात की नाही हे तहसीलदार तपासू शकतो. मग मंजुरीला बैठक कशाला हवी? समितीनं गावोगाव जाऊन सुटलेली माणसं शोधावीत. आलेल्या अर्जावर बसायचं काम तिच्याकडून काढून घ्यावं.

अडीच

चहाच्या टपरीवर एक ओळखीचे गुरुजी भेटतात. म्हणतात, "ताई, तुम्ही एवढं फिरता, पण यातले निम्मे बोगस आहेत."

निम्मे नाहीत. पण आहेत, आणि हे मी लपवत नाही. जमीन मुलांच्या नावावर करून निराधार झालेले आहेत. लाडकी बहीण योजनेच्या पडताळणीत २६ लाखांहून अधिक लाभार्थी अपात्र असल्याचं सरकारनंच २०२५ मध्ये सांगितलं, त्यात १४ हजारांहून अधिक पुरुष निघाले. गुरुजींचा राग खोटा नाही. मलाही राग येतो, कारण तो पैसा लिंबाखाली बसलेल्या बायकांचा आहे.

पण चाळण लावताना काय होतं, तेही गुरुजींना सांगते. त्याच योजनेच्या ई-केवायसीत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक विचारला गेला. ज्या बाईला नवरा नाही आणि वडीलही नाहीत, तिनं काय भरायचं? तिच्यासाठी मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय नंतर करावी लागली. नियम लिहिताना सगळ्यात गरजू बाईच आठवली नव्हती. कागदांची चाळण लावली की धडधाकट माणूस कागद करून परत आत येतो. आणि जिला कागद करता येत नाही ती कायमची गळते. कागदांसाठी यायला अर्ध्या तिकिटात एसटी मिळते खरी, पण बुडालेला रोज कोण भरून देणार?

म्हणून तपासणी करायचीच असेल तर ती सरकारनं स्वतःच्या दफ्तरांत करावी. नोकरदारांची यादी, आयकर भरणाऱ्यांची यादी, चारचाकीची नोंद हे सगळं सरकारकडे आहे. त्यावरून जो श्रीमंत दिसतो त्याला नोटीस द्या, त्याचं म्हणणं ऐका आणि वगळा. गरिबानं दरवर्षी आपण गरीब असल्याचं, जिवंत असल्याचं तहसीलला येऊन दाखवायचं, हे बंद झालं पाहिजे. हयातीच्या पडताळणीला कोतवाल किंवा आशा ताई घरी जाऊ शकतात. त्या घराचा उंबरा त्यांना रोजचाच आहे. आणि कुणाचाही लाभ थांबवण्याआधी कारण लेखी द्यावं. "ऑनलाइन दिसत नाही" हे कारण मी ग्राह्य धरत नाही. सरकारनंही धरू नये.

गुरुजी ऐकून घेतात. शेवटी म्हणतात, "आमच्या शेजारी एक म्हातारी आहे. तिचं काहीच झालेलं नाही." मी वहीत गावाचं नाव लिहून घेते.

चार

परतीच्या गाडीनं एका गावात उतरते. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. बावीस वर्षांची मुलगी, कडेवर लेकरू. नवरा गेल्या पावसाळ्यात मोटारसायकलच्या अपघातात गेला.

तिच्या बाबतीत एकेक दार कसं बंद झालं, ते समजून घेण्यासारखं आहे. लाडकी बहीणची नोंदणी चालू होती तेव्हा तिला एकवीस पूर्ण नव्हती, आणि पूर्ण झाली तोवर नोंदणी बंद होती. केंद्राची विधवा निवृत्तिवेतन योजना चाळीस वर्षांच्या पुढं. कमावता माणूस १८ ते ५९ या वयात गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २० हजार मिळतात, पण कुटुंब दारिद्र्यरेषेखालच्या यादीत पाहिजे. आमच्याकडे अजून २००२ च्या सर्वेक्षणाचीच यादी चालते. तेव्हा तिचा नवरा शाळेतसुद्धा जात नव्हता, सासऱ्याकडे बैलजोडी होती, म्हणून घर यादीत आलं नाही. बैल दुष्काळात विकले गेले, यादी तशीच राहिली.

उरली निराधार योजना. तिथं रेशन कार्ड सासऱ्याच्या नावावर, सातबारा सासऱ्याचा, मग कुटुंबाचं उत्पन्न सासऱ्याचं. कार्ड विभक्त करायला सासऱ्याची सही हवी. सासरा वाईट नाही, पण सही केली तर सून जमिनीत वाटा मागेल अशी भीती त्याला कुणीतरी घातलीय. मी तासभर त्यांच्याशी बोलते. चहा होतो. सही आज होत नाही, "पोराच्या वर्षश्राद्धानंतर बघू" इथपर्यंत येतं. तोवर तिनं काय खायचं, हे मी विचारते. ते खाली बघतात.

या मुलीचा नवरा वारला, हे सरकारला त्याच महिन्यात कळलं होतं. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याप्रमाणे मृत्यूची माहिती २१ दिवसांत द्यायची असते आणि ती दिली गेली. ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात त्याचं नाव, वय, पत्ता आहे. ग्रामसेवकानं ती नोंद करतानाच "मागे पत्नी आहे, लेकरू आहे" एवढं लिहून तहसीलला पाठवलं असतं, तर तिचा अर्ज त्याच दिवशी सुरू झाला असता. रेशन कार्डावरून त्याचं नाव मात्र लगेच कमी झालं आणि पाच किलो धान्य घटलं. नाव कमी करायला ज्या नोंदीवर सरकारचा विश्वास बसतो, त्याच नोंदीवर नाव लावायलाही बसला पाहिजे. विधवेनं अर्ज करायचा हीच पद्धत बदलावी. मृत्यूची नोंद हाच तिचा अर्ज मानावा आणि उत्पन्न मोजताना ती आणि तिची लेकरं एवढंच कुटुंब धरावं.

निघताना तिला वही देते. कोणत्या तारखेला कुठे गेलो, कोणी काय सांगितलं, ते लिहून ठेव म्हणते. दहावी झालीय, अक्षर सुरेख आहे.

रात्री आठ

जेवण करून दिवसाची यादी काढते. आजींचं खातं बदलून घ्यायचं. मावशीच्या दाखल्यासाठी तलाठ्यांना भेटायचं. गुरुजींच्या शेजारच्या म्हातारीकडे जायचं. आजोबांचं धान्य मिळालं, दुकानदारानं संध्याकाळी फोन केला. चौथ्या वेळी करंगळीचा ठसा घेतला मशीननं.

२६ जानेवारीला गावोगाव ग्रामसभा भरते. तुमच्याही गावात भरेल. तिथं उभं राहून निराधार योजनेची यादी मोठ्यानं वाचायला लावा. ज्यांचं नाव असायला नको ते गावाला माहीत असतं, आणि कुणाचं नाव राहिलंय तेही. राहिलेल्यांची दुसरी यादी त्याच सभेत करा, ठरावात घाला, ठरावाची प्रत तहसीलला द्या आणि पोच घ्या. त्यानंतर त्या यादीतल्या एखाद्या बाईसोबत एकदा सेतू केंद्रापर्यंत जा. रांगेत तिच्या शेजारी उभे राहा.