विश्लेषण : सागाच्या मुलखात ड्रॉवर कशाचा करावा?

अयोध्येतील राम मंदिराच्या दारांसाठी मार्च 2023 मध्ये बल्लारपूरहून सागवान रवाना झाले आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाचा लौकिक देशभर पोहोचला. त्यामुळे या भागात घर बांधणारा माणूस सुताराला सहज सांगतो, ‘कपाटाला आतून-बाहेरून सागच लाव.’ खर्च वाढतो, पण पावसाळ्यात ड्रॉवर अडकायचा तो अडकतोच. असे का?

लाकूड फुगते कुठे?

लाकूड लांबीत जवळपास बदलत नाही, रुंदीत बदलते. चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो, हवा कोरडीठाक असते. जुलैत तीच हवा दमट होते. साग इतर अनेक लाकडांपेक्षा कमी हलतो, तरी 200 मिमी रुंदीची अखंड फळी एवढ्या बदलात दीड-दोन मिमी फुगू शकते. खणाच्या बाजूला आडवी लावलेली फळी उंचीत वाढते आणि चौकटीला घासते. तळ अखंड फळीचा असेल तर तो बाजू ढकलून सांधे उकलतो. लाकूड नीट वाळवलेले नसेल तर विचारायलाच नको.

मग कुठे काय लावावे?

दिसणारा दर्शनी भाग सागाचा ठेवावा. पैसे तिथेच सार्थकी लागतात. बाजूंना 12 मिमी प्लायवूड पुरते. त्याचे थर उभे-आडवे चिकटवलेले असल्याने ते फुगत नाही म्हटले तरी चालेल. लाकूडच हवे असेल तर शिवण पाहावे : हलके, कमी वाकणारे आणि याच जंगलातले. ऐन मजबूत खरा, पण वाळताना वाकतो, तडकतो. तळाला खाचेत बसवलेले 6 मिमी प्लाय, जड भांड्यांसाठी 9 मिमी. स्वयंपाकघरात ‘बीडब्ल्यूआर’ शिक्क्याचेच प्लाय घ्यावे. साधे ‘एमआर’ कोरड्या खोलीपुरते. पार्टिकल बोर्ड स्वस्त असते, मात्र एकदा भिजून फुगले की पूर्ववत होत नाही आणि निघालेला स्क्रू पुन्हा धरत नाही. टेलिस्कोपिक चॅनल आधीच आणून सुताराच्या हाती द्यावे, कारण दोन्ही बाजूंना सुमारे 13 मिमी जागा सोडावी लागते.

सगळाच साग टिकाऊ असतो?

नाही. टिकतो तो तपकिरी गाभा. सालीलगतच्या फिकट भागाला वाळवी आणि भुंगा लागतो. स्वस्तात मिळणाऱ्या सागात हाच भाग बराच असतो. विनापावती साग तर टाळावाच. भारतीय वन अधिनियम 1927 नुसार अवैध लाकूड जप्त होऊ शकते. खरेदीची पावती आणि वाहतूक परवान्याची प्रत कपाट जुने झाले तरी जपून ठेवावी.