सोनगीरच्या भट्टीवरचा पांढरा धूर

धुळे सोडून मुंबई-आग्रा महामार्गाने शिरपूरकडे निघालं, की वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागतं. एका बाजूला किल्ल्याची टेकडी, दुसरीकडे तांब्या-पितळेची दुकानं. खानदेशातल्या कितीतरी घरांतले हंडे-कळशा, परातीपातेली इथल्या कारागिरांच्या हातची. तुमच्या-माझ्या आजीच्या घडवंचीवरही एखादं असेल.

मी गेलो तेव्हा एका पडवीत मोडीचं पितळ मुशीत वितळत होतं. त्यावर दाट पांढरा धूर उठला आणि सावकाश छताखाली पसरला. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. तांबं वितळायला १०८५ अंश सेल्सिअस लागतात, जस्त मात्र ९०७ अंशांनाच उकळतं. त्यामुळे भट्टी तापली की जस्ताची वाफ होते, हवेशी गाठ पडताच ती जळते आणि तिची पांढरी भुकटी होते. धूर म्हणतो तो हाच. त्याचे कण एका मायक्रॉनहूनही बारीक. माणसाचा केस साधारण साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. नाकाशी बांधलेला रुमाल त्यांना काय अडवणार?

'ओतकामाच्या रात्री कधीकधी हीव भरतं,' म्हातारे कारागीर सहज सांगत होते. 'तोंड गोडूस होतं, घसा सुकतो. दूध प्यायचं. सकायले उतरी जास.' वैद्यकात याला धातुधुराचा ताप म्हणतात. इंग्लंडात लीड्सच्या थॅकरा या डॉक्टरांनी पितळ ओतणाऱ्यांचा हा ताप १८३१ सालीच नोंदवला होता. धूर घेतल्यावर काही तासांनी तो चढतो, एक-दोन दिवसांत उतरतो. गंमत अशी, की रोज धूर घेणाऱ्याला त्याची सवय होते आणि सुटीनंतर ती मोडते. म्हणून तिकडे त्याला 'सोमवारचा ताप' असंही नाव पडलं. आपल्याकडे अशी थंडी भरली की आधी हिवतापाचाच संशय येणार. रक्ततपासणी तर करावीच. पण आपण भट्टीवर काम करतो, हेही डॉक्टरांना सांगायला हवं.

हा ताप उतरतो. शिशाचं तसं नाही. जुन्या नळांच्या, तोट्यांच्या पितळात बहुधा थोडं शिसं असतं. मोड वितळवताना तेही धुरात येतं. ते हाडांत साठतं आणि लहान मुलांच्या मेंदूला तर फारच जाचतं. भट्टी घरातच, पडवीत असेल तर बापाच्या कपड्यांवरची धूळ थेट पाळण्यापर्यंत पोचते. मला काळजी वाटली ती याची.

मुंबईत २०२५ च्या ऑक्टोबरपासून पूर्ण धावू लागलेल्या भुयारी मेट्रोसारख्या ठिकाणीही रूळ, चाकं आणि ब्रेक घासून लोखंडाची बारीक धूळ हवेत उडते. जगभर या धुळीची मापं घेतली जातात. पण तिथे पंखे असतात, अभियंते असतात, मालक कोण ते ठाऊक असतं. इथे कारागीर हाच मालक नि हाच मजूर. १९४८ च्या कारखाने कायद्याने विजेवर चालणाऱ्या कारखान्याला दहा आणि विजेविना चालणाऱ्याला वीस कामगारांची अट घातली होती. २०२० च्या संहितेने ती वीस आणि चाळीसवर नेली. बाप, दोन मुलं आणि पुतण्या यांची पडवी यात कुठे बसणार?

उपाय अगदीच आवाक्याबाहेरचे नाहीत. मुशीवर पत्र्याचं धुराडं हवं आणि त्याचं तोंड छपराच्या वर निघायला हवं. झाडू मारण्याऐवजी जमीन ओल्या फडक्याने पुसावी. नळ-तोट्यांची मोड वेगळी काढून ती भट्टीत घालूच नये. कामाचे कपडे बाहेर ठेवावेत, हात धुऊन मगच भाकरीला बसावं. मठारकामाच्या ठोक्यांनी जाणारे कान हा आणखी एक विषय. त्यासाठी कानात बोळे हवेत. आणि घरातल्या पोरांच्या रक्तातलं शिसं एकदा तपासून घ्यावं.

धुराड्याचा विषय काढला तेव्हा म्हातारबुवांनी छपराकडे पाहिलं. पत्रा घरातच होता. तो बसवायचा कधी, एवढ्यावरच बाप-लेकांचा वाद चालला होता. लग्नसराईच्या आधी, असं मुलगा म्हणत होता.