हेलियमचा पृष्ठताण आणि किमतीचा हिशेब

द्रवाचे कण एकमेकांस आत ओढतात, म्हणून त्याचा पृष्ठभाग आकसू पाहतो आणि थेंब गोल होतो. हा पृष्ठताण आपण शाळेत शिकलेलो असतो. द्रवरूप हेलियमच्या अणूंमध्ये मात्र ही ओढ अत्यंत क्षीण असते. निरपेक्ष शून्याजवळही त्याचा पृष्ठताण साध्या पाण्याच्या सुमारे दोनशेव्या हिश्श्याएवढाच भरतो. शिवाय पुंजयामिकीच्या नियमानुसार या हलक्या अणूंची थरथर कधीच पुरती थांबत नाही. त्यामुळे उणे २६९ अंश सेल्सिअसला द्रवरूप होणारे हेलियम नेहमीच्या दाबाखाली कितीही थंड केले तरी गोठत नाही. उणे २७१ अंशांखाली तर ते अतिप्रवाही बनते आणि पातळ थराच्या रूपाने भांड्याची भिंत चढून बाहेर उतरते. कारण त्याच्या अणूंना परस्परांपेक्षा भिंतीचीच ओढ अधिक!

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने यात लक्ष घालण्याचे कारण असे की, या क्षीण ओढीमुळेच हेलियमला पर्याय उरत नाही. हायड्रोजन उणे २५९ अंशांनाच गोठतो. एमआरआय यंत्रातील अतिसंवाहक चुंबकांना त्याहूनही अधिक थंडी लागते. असा पदार्थ किरणोत्सर्गामुळे भूगर्भात कोट्यवधी वर्षांत साठतो आणि हवेत सुटला की कालांतराने अवकाशात निघून जातो.

अशा वस्तूची किंमत कशी ठरावी? अमेरिकेने १९२५ पासून हेलियमचा सरकारी साठा उभारला. १९९६ च्या कायद्याने तो विकावयास काढला. पण किंमत ठरविली ती दुर्मीळतेवरून नव्हे, तर साठ्यावरील कर्ज फिटावे या हिशेबाने. स्वस्ताईमुळे उधळपट्टीस उत्तेजन मिळते, ही टीका तज्ज्ञांनी २०१० साली केली. २०१३ मध्ये लिलावाची पद्धत आली आणि २०२४ साली उरलेली सारी मालमत्ता खासगी कंपनीकडे गेली.

भारत आपली गरज जवळजवळ सर्वस्वी आयातीने भागवितो. उडालेले हेलियम गोळा करून ते पुन्हा द्रवरूप करण्याची सोय मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहे. हजार-दीड हजार लिटरऐवजी काही लिटरांवर चालणारी एमआरआय यंत्रेही आता निघाली आहेत. रुग्णालये व प्रयोगशाळा यांना अनुदान देताना अशा काटकसरीची अट घालणे शासनास अशक्य नाही. जे निसर्ग पुन्हा भरून देणार नाही, त्याची राखण केवळ बाजारावर सोपविणे शहाणपणाचे ठरणार नाही.