डागडुजीने भागत नाही

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी १९०८ साली पेनहर्स्ट ही सरकारी निवासी संस्था सुरू झाली. दाटीवाटी, अपुरे कर्मचारी, माणसांना बांधून ठेवणं हे तिथं नित्याचंच होतं. १९७७ मध्ये न्यायाधीश रेमंड ब्रॉडरिक यांनी ती व्यवस्थाच घटनाबाह्य ठरवली. नुसती डागडुजी त्यांनी नाकारली आणि तिथल्या माणसांना संस्थेबाहेर वस्तीत हलवायला सांगितलं, हे योग्यच झालं. ‘तीव्र अपंगत्व असलेल्यांना बाहेर कोण सांभाळणार?’ ही पालकांची धास्ती खोटी नव्हती. पण वस्तीतल्या छोट्या घरांत गेलेल्यांचा काही वर्षं अभ्यास झाला, तेव्हा ती माणसं अधिक स्वावलंबी झालेली आढळली, तीव्र अपंगत्व असलेलीसुद्धा. विरोध करणाऱ्या बहुतेक पालकांचंही मत पालटलं. खर्चसुद्धा संस्थेपेक्षा कमीच आला. अर्थात नव्या घरांतल्या कर्मचाऱ्यांचे पगार तुटपुंजे होते, तेव्हा या बचतीचा फार अभिमान नको. पेनहर्स्ट १९८७ मध्ये बंद झाली.