थोर रॅपर ठरवायचा कसा?

हिवरा आश्रम गावच्या पोरांनी 'रॅपमध्ये सर्वांत भारी कोण?' असा वाद घातलाच, तर अमरावतीच्या रॅपर सौरभ अभ्यंकरचं नाव निघावं. 2023च्या 'एमटीव्ही हसल' या रॅप स्पर्धेत तो झळकला होता. पण भारी म्हणजे काय? जाणकार आधी यमक पाहतात: ते फक्त ओळीच्या शेवटी जुळतं, की ओळीच्या पोटातही? मग शब्दांची तालावरची पकड. आणि मुळात सांगायला काही आहे का?

आपल्याकडच्या कलगी-तुऱ्याच्या, म्हणजे शाहिरी सवाल-जवाबांच्या, फडात निवाडा सरळ असे. तुरेवाले शिवाची, कलगीवाले शक्तीची बाजू घेत. ज्याला सवालाला जागेवर जवाब सुचला नाही, तो हरला. आज मात्र रॅपर्सचा व्ह्यूजवरून क्रम लावणं मला पटत नाही. त्यात शब्दांपेक्षा बीटचीच कमाई पुष्कळदा जास्त असते.