शरण येणाऱ्याचा परवाना
दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन उतरलं त्याच रात्री, ३ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्रिटिश विमानांनी जर्मनीवर बॉम्ब नव्हे, लाखो पत्रकं टाकली. बॉम्बर दलाचे नंतरचे प्रमुख आर्थर हॅरिस यांनी पुढे त्यांची टर उडवली: युरोपला शौचाचा कागद पुरवला, एवढंच!

१९४४-४५ मधल्या ‘पासिअरशाइन’ या पत्रकाला मात्र हा शेरा लागू नाही. जर्मन सैनिकासाठी हा शरणागतीचा परवाना. त्यात ना शिवीगाळ, ना बढाया. अमेरिका-ब्रिटनची राजचिन्हं, नोटेसारखी नक्षी, दोस्त सेनांचे सरसेनापती आयझेनहॉवर यांची छापील सही आणि ‘या सैनिकाला नीट वागवा’ अशा अर्थाचा जर्मन-इंग्रजी आदेश. सही-शिक्क्याच्या कागदाला जर्मन माणूस मान देतो, हा हिशेब. (आपल्याकडेही तो चुकला नसता.) वरिष्ठांना हा परवाना सैनिकाजवळ सापडला तर जिवावर बेतायचं, म्हणून तो लपवावा लागे.

लंडनच्या इम्पिरिअल वॉर म्युझियममध्ये असे कागद जपलेले आहेत. वाचून फेकण्यासाठी छापलेल्या पत्रकावर मुद्रकाचं नाव बहुधा नसतंच. ‘झेडजी ६१’सारखा सांकेतिक क्रमांक मात्र अभ्यासकाला ते कोणत्या मालिकेतलं, हे सांगतो. जुन्या घड्याही सपाट करून घालवू नयेत. पत्रक कुणीतरी खिशात बाळगलं असावं, याची बहुधा तेवढीच खूण उरलेली असते.