ताबोचं धाबं

ताबो हे हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यातलं गाव, सुमारे ३,२८० मीटर उंचीवरचं. इथला बौद्ध मठ इ.स. ९९६मधला. सगळे येतात तो बघायला. मीही त्यासाठीच गेलो. पण तो टिकला कसा, हे समजलं शेजारच्या एका घराच्या धाब्यावर चढल्यावर.

तिथं डागडुजी चालली होती. पॉप्लरच्या तुळया, त्यांवर विलोच्या काटक्या दाटीनं अंथरलेल्या, वर झुडपांचा थर आणि मग माती. घरातल्या आजी पाणी शिंपडत होत्या, मुलगा आणि सून पायांनी माती दाबत होते. टाच रुतली की त्या जागी कोरडी माती टाकायची, पुन्हा तुडवायची. शेवटी चाळलेल्या चिकणमातीचा पातळ लेप तळहातानं फिरवायचा, पन्हळीकडे किंचित उतार ठेवून. मराठवाड्यातली माळवदं पाहिलेल्याला हे काम परकं वाटणार नाही. नुसती भर घालत गेलं तर वजनानं तुळया वाकतात, म्हणून जुना भुसभुशीत थर त्यांनी आधीच खरवडून काढला होता.

स्पिती पर्जन्यछायेत येतं, म्हणून असं सपाट छप्पर इथं चालतं. बर्फ पडलं की वितळायच्या आत फावड्यानं खाली लोटतात. पावसाला मात्र फावडं चालत नाही. हल्ली सरी जोरानं येतात, ही आजींची तक्रार.

तिचा अर्थ मठात शिरल्यावर कळतो. भिंती मातीच्या, छपरावर माती. मुख्य दालनात वैरोचन बुद्ध आणि भिंतींलगत तीसहून अधिक मूर्ती, त्याही न भाजलेल्या मातीच्या. चित्रांखालचा गिलावाही मातीचाच. टॉर्चच्या उजेडात एके ठिकाणी रंगांवरून उतरलेला मातकट ओघळ दिसला. वरून पाणी झिरपलं की आधी धुपतं ते चित्र.

आतल्याच एका लेखात नोंद आहे की उभारणीनंतर ४६ वर्षांनी, म्हणजे १०४२मध्ये, जांगचुब ओद या राजवंशातल्या भिक्षूनं मठाचा जीर्णोद्धार केला. मठ पन्नाशीचाही नव्हता, तेव्हाच त्याला दुरुस्ती लागली होती. हजार वर्षांच्या या वास्तूचं कौतुक करताना बांधणाऱ्यांची नावं घेतली जातात. खरवडणारे, तुडवणारे, लेप देणारे हात मात्र कुठल्याच लेखात सापडत नाहीत.